बोलणे, ऐकणे आणि मिळून ठरविणे

(बाजवा, जि. वडोदरा येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



परस्परांशी बोलण्याचे कौशल्य शिकावे लागते, असे म्हटले की पुष्कळांना नवल वाटते. मूल दीड-दोन वर्षांचे झाले की बोलू लागते. मग बोलणे शिकण्यासाठी वर्ग कशाला भरवावयाचे, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु शब्द उच्चारणे आणि आपल्या मनातील गोष्ट दुसऱ्याच्या मनात नीट पोहोचविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली आईच्या मांडीवर येते. दुसरी पोहण्याप्रमाणे सरावानेच साधते. आणि चार-दहा माणसांनी एकत्र बसून एखादा प्रश्न सोडवावयाचा असेल, तर हा सराव अधिकच आवश्यक ठरतो.

बाजव्यासारख्या गावात या विषयाला विशेष महत्त्व आहे. वडोदऱ्याहून अहमदाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे गाव. गायकवाडांच्या काळापासून या परिसरात गुजराती आणि मराठी माणसे शेजारी नांदत आली. पुढे १९६० च्या दशकात आसपास खताचा व तेलशुद्धीकरणाचा कारखाना उभा राहिला, त्यापाठोपाठ रसायनांचे कारखाने आले आणि त्यांच्याबरोबर निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे येथे वस्तीस आली. एका गल्लीत तीन-चार भाषा बोलल्या जातात. अशा वस्तीत एकमेकांचे बोलणे नीट कळणे हा केवळ सौजन्याचा प्रश्न राहत नाही. प्रसंगी तो जिवाचा प्रश्न होतो.

सूचना दिली म्हणजे ती समजली, असे नाही

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायू पसरला, तेव्हा कारखान्याच्या भिंतीलगत राहणाऱ्या लोकांना तो वायू कोणता, त्यापासून बचाव कसा करावा, कोणत्या दिशेने जावे, यांपैकी काहीही ठाऊक नव्हते. त्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात सुधारणा झाली. धोकादायक उद्योगाच्या चालकाने कामगारांना आणि परिसरातील सर्वसाधारण जनतेलाही संभाव्य धोक्याची व सुरक्षिततेच्या उपायांची माहिती दिली पाहिजे, अशी तरतूद तीत करण्यात आली. आपल्या शेजारी कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात नोव्हेंबर २०२४ मध्ये लागलेली आग आपल्या स्मरणात ताजी आहे. त्या आगीत जीवितहानीही झाली.

माहिती द्यावी, हे कायद्याने सांगितले. पण ती पोहोचली की नाही, हे कायदा पाहू शकत नाही. पत्रक वाटले जाते, फलक लावला जातो, ध्वनिक्षेपकावरून घोषणा होते. भोंगा वाजला तर वाऱ्याची दिशा पाहावी, वायूच्या प्रवाहातून पळत न सुटता त्याला आडवे जाऊन बाहेर पडावे, नाकातोंडावर ओले फडके धरावे, घरात थांबण्याची सूचना असेल तर दारे-खिडक्या बंद करून घ्यावीत, हे सारे पत्रकात छापता येते. मात्र ज्या घरी फक्त आजीबाई आणि दोन लहान मुले दिवसभर असतात, तेथे हे कोण समजावणार? वाऱ्याची दिशा कशावरून ओळखावयाची? अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कोण उचलणार? ही उत्तरे पत्रकात नसतात. ती दहा घरच्या माणसांनी एकत्र बसूनच काढावी लागतात.

अनुभव काय सांगतो?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. मांसाची टंचाई असल्यामुळे, एरवी न खाल्ले जाणारे काळीज, गुर्दा यांसारखे भाग गृहिणींनी स्वयंपाकात वापरावेत, अशी तेथील सरकारची इच्छा होती. काही गटांना या विषयावर चांगले व्याख्यान देण्यात आले. इतर गटांतील स्त्रियांना आपल्या अडचणी आपसांत बोलू दिल्या व शेवटी आपला निर्णय सर्वांसमक्ष सांगण्यास सुचविले. पुढे चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकी केवळ ३ टक्के स्त्रियांनी तो पदार्थ करून पाहिला होता. चर्चा करणाऱ्यांत हे प्रमाण ३२ टक्के होते. माहिती दोघींनाही मिळाली होती. पण एकीने ती नुसती ऐकली, तर दुसरीने बोलून आपलीशी केली.

याहून आपल्या जवळचा दाखला पुण्याचा आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे १५० गावांमध्ये शेतकऱ्यांचे श्रोतृगट स्थापन केले. एका गटात साधारण वीस सभासद. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे दहा आठवडे चालले. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करावयाचा आणि ऐकलेल्या गोष्टीवर चर्चा करावयाची, हा नियम. गटाच्या शंका केंद्राकडे जात आणि पुढील कार्यक्रमांतून त्यांना उत्तरे मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या उपक्रमाचे मूल्यमापन केले. श्रोतृगट असलेली गावे आणि रेडिओ असूनही गट नसलेली गावे यांची तुलना करता असे दिसले, की गट असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडली, तर नुसत्या रेडिओच्या गावांत ती फारच थोडी पडली. यंत्र दोन्हीकडे तेच होते. फरक पडला तो नंतरच्या बोलण्याने. १९५९ पासून ही योजना देशाच्या इतर भागांत नेण्यात आली.

वडोदरा संस्थानाला तर या मार्गाची फार पूर्वीपासून ओळख होती. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले आणि १९१० साली अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांना पाचारण करून सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभारली. परंतु त्याही आधी मोतीभाई अमीन या शिक्षकाने गावोगावी 'मित्रमंडळ' ग्रंथालये सुरू करण्याचे काम हाती घेतले होते. हे नाव अर्थपूर्ण आहे. कपाटातील पुस्तक वाचले जावे, तर त्याभोवती मित्रांचे एक मंडळ असावे लागते, ही जाण त्यात आहे. पुढे राज्याने गावच्या ग्रंथालयासाठी लोकवर्गणीच्या बरोबरीने स्वतःचा व स्थानिक मंडळाचा वाटा देण्याची पद्धत ठेवली. म्हणजे गावाने आधी आपसांत बोलून काही ठरविल्याखेरीज ग्रंथालय येत नसे.

गट लहान का असावा?

याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. एका तासाच्या बैठकीत वीस माणसे असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटे येतात. सहा असतील तर दहा. पाच माणसांत परस्परांच्या दहा जोड्या होतात, दहा माणसांत पंचेचाळीस आणि वीस माणसांत एकशे नव्वद. जोड्या वाढल्या की गैरसमजाच्या जागाही वाढतात. मोठ्या सभेत चार-पाच जण बोलतात आणि बाकीचे ऐकतात किंवा ऐकल्यासारखे करतात. महाराष्ट्रात ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे, तिच्यामागेही हाच विचार आहे. भरसभेत मान खाली घालून बसणारी स्त्री आपल्या बरोबरीच्या दहा जणींत अडखळत का होईना, बोलू लागते. आणि एकदा बोलली की पुढे सभेतही बोलते. बचत गटांच्या बैठकांनी हा अनुभव हजारो गावांना दिला आहे.

शिकावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट ऐकण्याची. समोरचा बोलत असताना आपण बहुधा आपले उत्तर जुळवीत असतो. यावर कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने एक सोपा उपाय सुचविला आहे. मतभेद झाला की आपले म्हणणे मांडण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत त्याला सांगावयाचे आणि त्याने 'होय, मला हेच म्हणावयाचे होते' असे म्हटल्यावरच पुढे जावयाचे. करून पाहा, दिसते तितके सोपे नाही. परंतु निम्मे तंटे येथेच विरघळतात.

दुसरी गोष्ट विचारण्याची. 'समजले ना?' या प्रश्नाला कोणीही 'हो' म्हणतो. मोठ्या माणसापुढे 'नाही' म्हणण्याचा संकोच असतोच. त्याऐवजी 'भोंगा वाजला तर तुम्ही प्रथम काय कराल?' असे विचारावे. उत्तरावरून आपले सांगणे कुठवर पोहोचले ते कळते, आणि चूक असेल तर ती सांगणाऱ्याची समजून तो पुन्हा सांगू शकतो.

तिसरी गोष्ट शब्दांची. आपण गुजरातेत राहतो. येथे शेजाऱ्याने 'तमे नवरा छो?' असे विचारले, तर तो केवळ आपणांस सवड आहे का एवढेच विचारीत असतो; मराठी बाई मात्र दचकते. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत ती दंडाची. असे शब्द हसण्यावारी जातात, पण संकटसमयी हसण्यास वेळ नसतो. म्हणून सूचना देताना अवघड शब्द टाळावेत. 'स्थलांतर करावे' यापेक्षा 'शाळेच्या पटांगणावर या' हे शब्द अधिक उपयोगी. महत्त्वाची सूचना गल्लीतील प्रत्येक भाषेत एकदा सांगून पाहावी.

चौथी गोष्ट गट चालविण्याची. सर्वांनी वर्तुळाकार बसावे, म्हणजे कोणी पुढचा आणि कोणी मागचा राहत नाही. गटप्रमुखाने आपले मत प्रथम सांगू नये; ते सांगितले की इतरांची मते वाटेतच थांबतात. प्रत्येकाचे एकदा बोलून झाल्याखेरीज कोणी दुसऱ्यांदा बोलू नये. आक्षेप घ्यावयाचा तो मुद्द्यावर, माणसावर घेऊ नये. आणि उठण्यापूर्वी तीन ओळी लिहून वाचून दाखवाव्यात: काय ठरले, कोण करणार, केव्हापर्यंत. या तीन ओळींवाचून बैठक म्हणजे नुसत्या गप्पा होत.

चर्चा आणि निर्णय

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावाने याबाबत एक मोलाचा पायंडा घातला आहे. तेथे 'अभ्यासगट' आणि 'ग्रामसभा' यांची कामे वेगळी ठेवली आहेत. अभ्यासगटात ज्याला इच्छा असेल तो बसतो, बाहेरचा जाणकारही बसू शकतो. तेथे प्रश्नाच्या सर्व बाजूंची मोकळी चर्चा होते, मात्र निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभा घेते आणि तो बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेते. एखाद्याचा विरोध असला तर त्याचे म्हणणे ऐकून घेऊन पुन्हा विचार होतो. वेळ लागतो, पण ठरलेली गोष्ट मोडण्यास कोणी उरत नाही. २००९ साली या गावाला सामूहिक वनहक्क मिळाले; त्यामागे अशा अनेक वर्षांच्या बैठकांचे बळ होते. 'पाचामुखी परमेश्वर' असे आपण म्हणतो. मात्र पाचांपैकी दोघांचीच मुखे उघडली तर ती म्हण खरी कशी व्हावी?

कोणी काय करावे?

शिक्षकांनी वर्गात 'कानगोष्टी'चा खेळ घ्यावा. दहा मुलांच्या रांगेत पहिल्याच्या कानात सांगितलेले वाक्य शेवटच्याच्या तोंडून कसे बाहेर पडते, हे मुलांना हसतहसत कळेल. मग तेच वाक्य प्रत्येकाने उलट विचारून खात्री करून पुढे न्यावे. फरक मुले स्वतःच सांगतील. ती गोष्ट त्यांच्याबरोबर घरीही जाईल.

अधिकाऱ्यांनी व कर्मचाऱ्यांनी गावात गेल्यावर बोलण्याइतकाच वेळ ऐकण्यास ठेवावा. प्रश्न न विचारणारी सभा शांत असते. ती समाधानी असतेच असे नाही. हल्ली मोबाइलच्या गटांवर सूचना पाठविल्या जातात. संदेश पाहिल्याची खूणही तेथे उमटते. परंतु ती खूण डोळ्यांची आहे, समजुतीची नाही. आणि ज्यांच्या हाती मोबाइल नाही, संकटात बहुधा तेच मागे राहतात.

ग्रामस्थांनी, विशेषतः भगिनींनी, दहा-दहा घरांचे गट करावेत. पहिल्या बैठकीस विषय एकच ठेवावा: भोंगा वाजला तर कोणी काय करावयाचे. कोणत्या घरात म्हातारी माणसे आहेत, कोणाला ऐकू येत नाही, कोण रात्रपाळीला असतो, कोणाकडे वाहन आहे, हे एका कागदावर लिहून काढावे. मग कारखान्याच्या व तालुक्याच्या संबंधित अधिकाऱ्यांना बोलावून तो कागद त्यांना वाचून दाखवावा आणि चुका दुरुस्त करून घ्याव्यात. महिन्याभराने पुन्हा बसून प्रत्येकाने आपले काम पाठ म्हणून दाखवावे.

एवढे साधले, तर रस्ता, पाणी, शाळा हे विषय त्याच गटात आपोआप येतील. कारण ऐकण्याची आणि ऐकवून घेण्याची सवय एकदा जडली की ती एका विषयापुरती राहत नाही. यासाठी खर्च लागत नाही, इमारत लागत नाही. एखाद्या ओसरीवर दहा माणसे, एक वही आणि आठवड्यातला एक तास पुरेसा आहे. हा तास येत्या आठवड्यापासूनच काढावा, अशी आपणां सर्वांना विनंती करून मी माझे भाषण संपवितो.