कडबाकुट्टीसाठी केबल निवडताना
(आकाशवाणीवरील भाषण)

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. चाऱ्याच्या पिकाची पाहणी करायला मी एका गावी गेलो होतो. वस्तीवर पोचलो तर गोठ्यापुढे माणसं जमलेली. दुसऱ्या वेताची, दिवसाला दहा लिटर दूध देणारी म्हैस गव्हाणीपाशी आडवी पडली होती. कडबाकुट्टी सुरू करताच ती कोसळली होती. कुट्टीचा पाय लोखंडी गव्हाणीला टेकला होता आणि म्हशीची साखळी त्याच गव्हाणीला बांधलेली होती. मालकाच्या पायात कोरडे रबरी बूट होते, म्हणून तो वाचला. नाहीतर दारात दोन मढी पडली असती.

वायरमनने नंतर कारण दाखवलं. घरातल्या सॉकेटपासून गोठ्यापर्यंत ओढलेली वायर दोनच तारांची होती. यंत्राच्या पायाखाली दबून तिचं आवरण फाटलं होतं आणि उघडी तार सांगाड्याला लागली होती. अर्थिंगची तिसरी तार असती, आणि मीटरपाशी योग्य ते संरक्षण असतं, तर वीज लगेच बंद झाली असती. चांगल्या केबलला जो जास्तीचा खर्च आला असता, तो त्याच म्हशीच्या महिन्याभराच्या दुधातून निघाला असता.

आज घरोघरी दोन अश्वशक्तीची सिंगल फेज कुट्टी आली आहे. आज गोठ्यात, उद्या खळ्यावर, परवा शेजाऱ्याकडे अशी ती फिरते. यंत्र घेताना आपण दहा दुकानं पाहतो, पण केबल मात्र घरात पडलेली असेल ती जोडतो. तेव्हा फिरत्या यंत्राची केबल कशी निवडावी, ते आज पाहू.

पहिली गोष्ट, यंत्र किती वीज ओढतं ते पाहा. मोटारीवर एक पत्र्याची पाटी असते. तिच्यावर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. दोन अश्वशक्तीची सिंगल फेज मोटार पूर्ण भारावर साधारण ११ ते १२ अँपिअर घेते. सुरू होण्याच्या क्षणी मात्र हीच मोटार पाच-सहा पट प्रवाह ओढते, हे ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे अंतर. नेमकी इथेच फसगत होते. दुकानदार सांगतो, “दीड एमएमची वायर बारा अँपिअर सहज पेलते.” त्याचं म्हणणं खोटं नाही. तेवढ्या प्रवाहाने ती वायर जळणार नाही. पण वायर न जळणं वेगळं आणि मोटारीपर्यंत पुरता दाब पोचणं वेगळं. पाटाचं पाणी जसं लांबच्या वाफ्याला पोचेपर्यंत जिरत जातं, तसा विजेचा दाब वायरमध्ये जिरतो. वायर जेवढी लांब आणि जेवढी बारीक, तेवढा तो जास्त जिरतो.

आता हिशेबच करू. समजा सॉकेटपासून कुट्टीपर्यंत ५० मीटर अंतर आहे आणि मोटार १२ अँपिअर घेते. वायर तांब्याची आहे. वीज जाऊन परत येते, म्हणजे तारेची लांबी झाली १०० मीटर. अशा वेळी वाटेत जिरणारा दाब साधारण असा:

१ चौरस मिलिमीटरची वायर – २३ व्होल्ट
१.५ चौरस मिलिमीटर – १६ व्होल्ट
२.५ चौरस मिलिमीटर – १० व्होल्ट
४ चौरस मिलिमीटर – ६ व्होल्ट

दुकानात यालाच ‘दीड एमएम’, ‘अडीच एमएम’ असं म्हणतात. अंतर दुप्पट झालं तर हे आकडेही दुप्पट होतात आणि निम्मं झालं तर निम्मे.

पाटीवर २३० व्होल्ट असले तरी संध्याकाळी आपल्याकडे २१० सुद्धा मिळताना मारामार. त्यातून २३ वजा झाले तर मोटारीच्या वाट्याला १८७ उरले! सुरू होताना तर तूट याच्या कितीतरी पट होते. मग मोटार नुसती गुं-गुं करते, पण फिरत नाही. आतली वाइंडिंग तापते आणि एक दिवस जळून जाते. आपण म्हणतो, मोटारच खराब निघाली. पुष्कळदा दोष मोटारीचा नसतो, वायरीचा असतो.

साधा नियम असा, की २३० व्होल्टवर वायरीतली तूट ११-१२ व्होल्टच्या वर जाऊ देऊ नये. म्हणजे वरच्या उदाहरणात कमीत कमी अडीच एमएम घ्यावी. दाब मुळातच कमी असेल किंवा अंतर ५० मीटरच्या वर असेल तर चार एमएम घ्यावी. अंतर वीस मीटरच असेल तर मात्र अडीच एमएम अगदी पुरेशी आहे, उगाच जास्त खर्च नको. शक्य असेल तर यंत्रच मीटरच्या जवळ आणावं. कडबा डोक्यावरून नेता येतो, तुटलेला दाब काही परत आणता येत नाही.

तिसरी गोष्ट, केबलची जात. फिरत्या यंत्राला तांब्याच्या बारीक तारांची, मऊ, तीन कोअरची केबल लागते. खांबावरून घरात येते ती ॲल्युमिनियमची ताठ वायर इथे वापरू नये. सारखी वाकवल्याने ती आतून तुटते आणि वरून काही दिसत नाही. शिवाय त्याच जाडीत तिची तूट तांब्याच्या दीडपटीहून अधिक असते. आवरण दुहेरी असावं. दगडधोंडे, ऊन आणि शेण-मूत यांतून केबल ओढायची असेल तर जाड रबरी आवरणाची घ्यावी. केबलवर आय.एस.आय. खूण आणि चौरस मिलिमीटरचा आकडा छापलेला पाहूनच पैसे मोजा. आकडा नसेल तर ती वायर परत ठेवा.

तीन कोअर का, ते आता सांगायला नको. दोन तारांतून वीज येते-जाते आणि तिसरी तार अर्थिंगची. ही तार हिरवी किंवा हिरवी-पिवळी असते. तिचं एक टोक यंत्राच्या सांगाड्याला बोल्टने घट्ट आवळावं आणि दुसरं थ्री-पिन टॉपच्या मोठ्या पिनेला जोडावं. सॉकेट १६ अँपिअरचं असावं आणि त्याला खरोखरीची अर्थिंग असावी. नुसतं भोक असून भागत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालत जावं.

चौथी गोष्ट, मीटरपाशी दोन स्विच बसवून घ्या. एक एम.सी.बी., मोटारीसाठी ‘सी’ प्रकारचा, १६ अँपिअरचा. जास्त प्रवाह झाला की तो पडतो. दुसरा आर.सी.सी.बी., ३० मिलिअँपिअरचा. गेलेली वीज तेवढीच परत येते की नाही यावर त्याची नजर असते. थोडी जरी माणसातून किंवा जनावरातून जमिनीत जाऊ लागली, तर तो पापणी लवायच्या आत वीज तोडतो. त्यावरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावं. फ्यूजमध्ये जाड तार घालून ‘आता जात नाही’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर बसवावं.

काही वस्त्यांवर शेतीच्या लाईनची एक फेज घेऊन, जमिनीत सळई ठोकून तिलाच न्यूट्रल म्हणून वापरतात. हे कधीही करू नका. त्या सळईभोवतीची ओली जमीनच जिवंत होते आणि तिथे पाय ठेवणारं पोर किंवा वासरू प्राणाला मुकतं. तारेवर आकडा टाकणं तर त्याहून वाईट. तसंच दोन्ही टोकांना पिना असलेली केबल बनवू नका. एक टोक लावलं की दुसऱ्याच्या उघड्या पिनांत वीज येते.

आता वापराविषयी थोडं. केबलचं वेटोळं तसंच ठेवून यंत्र चालवू नये, कारण आतल्या फेऱ्यांची उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळतं. केबल पुरी उलगडावी. मधे जोड नको. चिकटपट्टीचा जोड दव पडलेल्या गवतात असला की संकट आलंच समजा. बैलगाडीच्या वाटेवरून केबल नेऊ नये, वरून टांगून न्यावी. काम संपलं की पिन काढून, उंदरांपासून दूर, खुंटीला अडकवून ठेवावी.

केबल पुरेशी आहे की नाही हे घरच्या घरी ओळखता येतं. पंधरा मिनिटं कुट्टी चालवा. मग बटण बंद करून पिन काढा आणि केबलवरून व टॉपवरून हात फिरवा. चांगली गरम लागली तर ती बारीक आहे किंवा जोड ढिला आहे. वायरमनकडून चालू यंत्राजवळचा आणि सॉकेटजवळचा दाब मोजून घेतला तर फारच चांगलं.

इतकं करूनही कुणाला धक्का बसलाच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने वायर दूर करा. श्वास थांबला असेल तर छाती दाबण्याचा उपचार लगेच सुरू करा आणि १०८ ला फोन करा.

थोडक्यात ध्यानात ठेवा:
१. मोटारीच्या पाटीवरचे अँपिअर आणि सॉकेटपासूनचं अंतर लिहून दुकानात जा.
२. ५० मीटरला दोन अश्वशक्तीसाठी अडीच एमएम, दाब कमी असेल तर चार एमएम.
३. तांब्याची, मऊ, तीन कोअर, आय.एस.आय. केबल.
४. अर्थिंग, एम.सी.बी. आणि ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी.
५. जोड नको, वेटोळं नको.

त्या शेतकऱ्याने आता नवी म्हैस आणली आहे. पण म्हशीच्या आधी त्याने केबल आणली, हे मला विशेष वाटलं. तुम्ही मात्र म्हैस गमावण्याची वाट पाहू नका. आज घरी गेल्यावर आपल्या कुट्टीच्या वायरीत किती तारा आहेत, तेवढं मोजून पाहा.