लाट ओसरते, पत उरते

(लघुउद्योजकांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



संयोजकांनी 'समाजमाध्यमे आणि लघुउद्योजक' हा विषय माझ्यापुढे ठेवला तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी कला शाखेचा पदवीधर. तीस वर्षे वृत्तपत्रांत लेखणी झिजवली. तराजू कधी हाती धरला नाही. मात्र दुसऱ्याचा चांगला चाललेला व्यवसाय अडचणीत आणण्याचे कर्तृत्व माझ्या नावावर आहे. आज येथे उभा आहे तो उपदेशक म्हणून नव्हे, तर कबुली देण्यासाठी, असेच समजावे.

आमच्या पेठेत एक वहिनी राहतात. यजमान अकाली गेले. पदरी दोन मुले. चकली, भाजणी, अनारसे यांवर त्यांनी संसार उभा केला. मदतीला दोघी जणी, आणि शंभरेक ठरलेली घरे. चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर माझ्या पुतण्याने त्यांच्या स्वयंपाकघरात मिनिटभराची चित्रफीत काढली. सोऱ्यातून उतरणारी चकली, कढईतला तो सळसळाट, वहिनींचे हसरे बोलणे! मी ती माझ्या परिचयाच्या साऱ्या गटांवर पाठवली, वर दोन ओळी कौतुकाच्या लिहिल्या. पत्रकाराच्या दोन ओळी म्हणजे लोकांना दाखलाच वाटतो. ती चित्रफीत वणव्यासारखी पसरली. ठाणे, नागपूर, बंगळुरू. जिथे मराठी माणूस तिथून मागणी येऊ लागली. मी छाती फुगवून सांगत होतो, "वहिनी, आता मागे वळून पाहायचे नाही!"

वहिनींना 'नाही' म्हणता आले नाही. दिवसाला जेमतेम पंधरा किलोची शक्ती. पैसे मात्र त्याच्या चौपट मालाचे घेतले गेले. मग बाहेरून तयार माल आणावा लागला. तो त्यांच्या हातचा नव्हता. कुरिअरमध्ये चकल्यांचा चुरा झाला. परताव्याचे तगादे लागले, त्याच चित्रफितीखाली शिव्याशाप उमटले. आणि ज्या शंभर घरांनी त्यांना इतकी वर्षे सांभाळले, त्यांतील निम्म्या घरी नरकचतुर्दशीपर्यंत डबा पोहोचला नाही. आमच्याही घरी नाही. भाऊबीजेला त्या भेटल्या तेव्हा एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, गर्दी तुम्ही आणलीत, पण माझी माणसे गेली हो."

सज्जनहो, आजच्या माझ्या भाषणाचे सार त्या माउलीच्या या एका वाक्यात आहे. समाजमाध्यम गर्दी देते, ग्राहक देत नाही. गर्दीचे ग्राहकात रूपांतर करते ती पत. आणि पत मिनिटभराच्या चित्रफितीने मिळत नाही.

याचा अर्थ या माध्यमांकडे पाठ फिरवावी असा मुळीच नाही. आपल्या मालाची माहिती लोकांपर्यंत नेणे यात कमीपणा कसला? मराठी माणसाने हे शंभर वर्षांपूर्वी करून दाखवले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्याची समजूत होती. नुसती जाहिरात करून ती जाणार नव्हती. शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर नांगर चालवावा लागला. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याची आणि मालाची माहिती ग्राहकाला कळवावी हा मूळ हेतू. परंतु वाचकाला उपयोगी पडेल, त्याची जाण वाढवील असा मजकूर त्यात येत गेला. पुढे 'किर्लोस्कर' हे मासिक घराघरांत मानाने वाचले गेले. आज परदेशी पुस्तकांतून शिकवतात की, आधी ग्राहकाला काही द्या, मग विका. हा धडा आपल्या कृष्णाकाठी केव्हाच गिरवला गेला होता!

मग अडते कोठे? अडते ते मालकीपाशी. 'खबर' किर्लोस्करांची स्वतःची होती, वर्गणीदारांची यादी त्यांच्या हाती होती. आपले समाजमाध्यमावरील पान कोणाचे? ते भाड्याच्या जागेसारखे आहे, आणि भाडेकरार लिहिणारा मालक अटी केव्हाही बदलू शकतो. २९ जून २०२० रोजी देशाच्या सुरक्षेसाठी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी उपयोजनांवर बंदी घातली. निर्णय योग्यच होता. परंतु ज्या छोट्या कलावंतांनी आणि विक्रेत्यांनी आपले सारे चाहते तिथेच जमवले होते, त्यांचे दुकान एका रात्रीत बंद झाले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही तिन्ही माध्यमे सुमारे सहा तास ठप्प झाली. तिन्ही एकाच अमेरिकी कंपनीची. तीन दारांची एकच किल्ली! त्या रात्री ज्यांच्याकडे ग्राहकांची नावे वहीत होती ते दूरध्वनी करू शकले. बाकीचे पडद्याकडे पाहत बसले.

म्हणून माझी पहिली विनंती ही की, वही ठेवा. ग्राहकाचे नाव, गाव, दूरध्वनी क्रमांक, त्याला काय आवडते, शेवटचा माल केव्हा नेला. त्याच्या संमतीने हे सारे टिपून ठेवा. दहा हजार अनोळखी अनुयायांपेक्षा वहीतली दोनशे नावे मोलाची आहेत. व्हॉट्सॲपची व्यवसायासाठीची आवृत्ती २०१८ मध्ये आली. तिच्यावर मालाची यादी, वेळा, पत्ता हे सारे विनामूल्य मांडता येते. गूगलच्या नकाशावर आपल्या दुकानाची नोंद करण्यासही पैसे पडत नाहीत. ही साधने अवश्य वापरा. मात्र ती वहीकडे नेणारी वाट असावी, वहीची जागा घेणारी नव्हे.

दुसरी विनंती, आपली मर्यादा जाहीर करा. तिसरी, खोटे बोलू नका. विकत घेतलेले अनुयायी, नातेवाइकांकडून लिहून घेतलेले अभिप्राय, 'शंभर टक्के नैसर्गिक' अशी छातीठोक वाक्ये ही कर्जाऊ प्रतिष्ठा आहे. तिचे व्याज जबर असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पैसे घेऊन वा फुकट वस्तू घेऊन प्रशंसा करणाऱ्याने ते उघड सांगितले पाहिजे, हे जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत स्पष्ट केले आहे.

चौथी विनंती सावधगिरीची. 'मी लष्करातून बोलतो, तुकडीसाठी मोठी मागणी आहे, पैसे पाठवतो, हा संकेत स्कॅन करा' अशी बतावणी करून असंख्य छोट्या विक्रेत्यांना लुबाडले गेले आहे. गणवेशाविषयी आपल्या मनात जो आदर आहे, त्याचाच हे भामटे गळ करतात. एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. फसगत झालीच तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवा.

समाजमाध्यमांचे बळ योग्य ठिकाणी लागले तर काय घडते, याचेही उदाहरण ताजे आहे. जून २०२५ मध्ये मिलान येथील फॅशन प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने थेट कोल्हापुरी वाटावी अशी पादत्राणे मांडली, आणि कोल्हापूरचा साधा उल्लेखही केला नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील आठ जिल्ह्यांच्या कारागिरांचा तो वारसा आहे. लोकांनी समाजमाध्यमांवर असा काही आवाज उठवला की, त्या कंपनीला प्रेरणास्थान मान्य करावे लागले, तिची माणसे कोल्हापुरात आली आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन येथील कारागिरांकडून दोन हजार जोड करून घेण्याचे ठरले.

आनंदाचीच गोष्ट. पण मी माझ्या स्वतःला एक प्रश्न विचारला, तो तुम्हालाही विचारतो. त्या जून महिन्यात आपण सर्वांनी संतापाचे संदेश पुढे पाठवले. त्यांतील किती जणांनी त्या वर्षी कारागिराकडून एक जोड विकत घेतला? अभिमान अंगठ्याने व्यक्त होतो, कारागिराची चूल मात्र खरेदीने पेटते.

म्हणून शेवटची विनंती येथे बसलेल्या कुटुंबांना आहे. पदार्थ स्वतः चाखल्यावाचून त्याची शिफारस पुढे पाठवू नका. तो माझा अपराध होता. परदेशी कंपनीच्या दुकानात निमूटपणे छापील किंमत देणारे आपण, ओळखीच्या भगिनीपाशी 'घरचेच आहोत, काही कमी करा' म्हणतो, ते सोडा. माल आवडला तर चार ओळी प्रामाणिकपणे लिहा. नाही आवडला तर आधी तिला सांगा, चारचौघांत नंतर. १९५९ मध्ये गिरगावात सात भगिनींनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापडाचा उद्योग सुरू केला, तेव्हा त्यांच्या हाती कोणतेही माध्यम नव्हते. पापड रोज सारखाच चांगला निघाला आणि घेणाऱ्याने शेजारणीला सांगितले, एवढ्यावर तो वाढला.

आणि आमच्या वहिनी? पुढल्या वर्षी त्या जुनी वही काखोटीला मारून घरोघर गेल्या. क्षमा मागितली. बहुतेक घरे परतली. आता त्याही व्हॉट्सॲपवर संदेश पाठवतात, पण कोजागरीच्या रात्री एकच: 'या वर्षीची नोंदणी पूर्ण झाली. आता मागणी घेता येणार नाही, राग नसावा.' गंमत अशी की, तो नकाराचा संदेशच त्यांची सर्वांत मोठी जाहिरात ठरला आहे. लोक आता दसऱ्यालाच नाव नोंदवतात.

गेल्या वर्षी मी दोन दिवस उशीर केला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, यादी भरली." मला मनापासून आनंद झाला.