कागद नसलेल्याला कर्ज कोण देणार?

(मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



शेतकऱ्याच्या कर्जावर युनियनने अभ्यासवर्ग का घ्यावा, असे काही सभासदांनी आम्हाला विचारले. पेन्शनचा प्रश्न लोंबकळतो आहे, रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत, मग हे कशाला? याचे उत्तर आपल्या पतपेढीच्या कर्जअर्जांत आहे. अर्जावर कारण लिहिलेले असते घरदुरुस्ती, आजारपण, मुलीचे लग्न. अर्ज घेऊन आलेल्याशी चार शब्द बोलले, की खरे कारण बाहेर येते. गावाकडे भावाची विहीर अर्धी राहिली, मोटर जळाली, पाऊस दडी मारून बसल्यामुळे दुबार पेरणीला बियाणे आणायचे आहे. भुसावळच्या यार्डात नाहीतर इटारसीच्या शेडमध्ये काम करणाऱ्याच्या पगारातून जी कपात होते, तिच्यावर बुलढाण्यातले किंवा बैतुलमधले तीन एकर शेत उभे असते. टपाल खात्यातील बंधूंची गोष्ट वेगळी नाही.

आता पाहा, आपल्याला कर्ज का मिळते? आपण फार प्रामाणिक आहोत म्हणून नव्हे. आपल्याजवळ पगारपत्रक आहे, दोन सहकारी जामीन राहतात आणि हप्ता पगारबिलातच कापला जातो, म्हणून. पश्चिम रेल्वेच्या बंधूंना जॅक्सन सोसायटीचा कारभार सांगायला नको. कर्ज घेणाऱ्याच्या मागे धावावे लागत नाही, म्हणून व्याजही बेताचे राहते.

हीच युक्ती शेतीत जेथे जमली तेथे कर्जाची गंगा वाहिली. ऊस कारखान्यात गेला, की विकास सोसायटीचे येणे उसाच्या बिलातून वळते होते. म्हणून ऊसवाल्याला सोसायटी आणि जिल्हा बँक दारात उभी करते. दुधाचेही तसेच, डेअरीच्या बिलातून म्हशीचा हप्ता जातो. गोरवाला समितीने १९५४ च्या अहवालात कर्जाची सांगड विक्रीशी घाला असे सांगितले होते, ते हेच. पण ज्वारी, कापूस, तूर, सोयाबीन पिकवणाऱ्या कोरडवाहू माणसाचे बिल कोण काढतो? तो मिळेल त्या व्यापाऱ्याला, मिळेल त्या भावाने, घाईने विकतो. त्याच्या नावाचा असा एकही कागद तयार होत नाही, की जो पाहून बँकेचा साहेब मान डोलवील.

मालधक्क्यावर काम केलेल्या बंधूंना आणखी एक गोष्ट आठवेल. माल वाघिणीत भरला, की माल बाबू रेल्वे रिसीट फाडून देई. ती आर.आर. म्हणजे मालाच्या मालकीचाच कागद, १९३० च्या मालविक्री कायद्यात तसे लिहिलेले आहे. व्यापारी ती बँकेत ठेवून माल पोहोचायच्या आत पैसे उचलत असे. माल शेतकऱ्याचा, वाघीण रेल्वेची, पावती आपल्या हातची आणि उचल मात्र व्यापाऱ्याला! यात कोणाची लबाडी होती असे आम्ही म्हणत नाही. ज्याच्या हातात कागद, त्याच्या हातात पैसा, एवढेच.

मागचा इतिहास थोडक्यात सांगतो. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले आणि ते लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले. लोक माणसांपेक्षा कागदावर तुटून पडले, हे लक्षात घ्या. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला, १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. तरीही १९५१-५२ च्या अखिल भारतीय पाहणीत काय दिसले? शेतकऱ्याच्या कर्जात सहकाराचा वाटा ३.१ टक्के, व्यापारी बँकांचा ०.९ टक्के आणि सावकारांचा जवळजवळ ७० टक्के. मग १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ पासून ग्रामीण बँका आल्या, १९८२ मध्ये नाबार्ड स्थापन झाली. चित्र पालटले, हे मान्य केले पाहिजे. २०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शेतकरी कुटुंबांच्या थकित कर्जापैकी सुमारे ७० टक्के संस्थांकडचे निघाले. राष्ट्रीयीकरणाने काय मिळाले असे जे विचारतात, त्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचावेत.

परंतु उरलेले ३० टक्के कोणाचे? ज्याला बँकेने दारातून परत पाठवले त्याचे. देशातील ८६ टक्के शेतखाती पाच एकरांच्या आतली आहेत, असे २०१५-१६ ची कृषिगणना सांगते. बँकांनी आपल्या कर्जाच्या १८ टक्के शेतीला आणि त्यातले १० टक्के लहान व सीमांत शेतकऱ्यांना द्यावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण शेतीच्या त्याच रकान्यात अन्नप्रक्रिया उद्योगाचे १०० कोटींपर्यंतचे कर्जही बसते. साहेबाला एक मोठी फाईल करणे सोपे की पन्नास हजारांच्या शेकडो? त्यात शाखेत माणसे कमी. आपल्याकडे गँगमनची जागा रिकामी राहिली तर रुळाचे काय होते, ते आपण जाणतो.

आकड्यांत कर्ज चोख दिसते आणि गावात सावकारही जोरात असतो, हे कोडे ज्यांना सुटत नाही त्यांनी 'नवे-जुने' समजून घ्यावे. पीककर्जाची मुदतीत फेड केली तर व्याजात सवलत मिळते. महाराष्ट्र सरकारने तर २०२१ मध्ये तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला, वेळेवर फेडल्यास, शून्य टक्के व्याज जाहीर केले. फार चांगले. पण फेडायची ती पूर्ण रक्कम, एका तारखेला. मार्चअखेर शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो. मग तो सावकाराकडून आठ-पंधरा दिवसांसाठी हातउसने घेतो, बँकेत भरतो, नवे कर्ज उचलतो आणि त्यातून सावकाराचे व्याजासकट फेडतो. बँकेच्या वहीत वसुली पूर्ण आणि नवे वाटपही पूर्ण! पेरणीला हातात काय राहिले, त्याचा रकाना वहीत नाही. शून्य टक्क्याचे व्याज असे सावकाराच्या खिशात जाते. हा फेरा तोडायचा तर फक्त व्याज भरून खाते पुढे चालू ठेवण्याची मुभा पाहिजे. कर्जमाफीला आमचा विरोध नाही. १९९० ची झाली, २००८ ची झाली, महाराष्ट्रात २०१७ आणि २०१९ च्या झाल्या, बुडणाऱ्याला हात दिलाच पाहिजे. पण माफी बँकेच्या कर्जाची होते. ज्याला बँकेने कधी कर्जच दिले नाही, त्याला माफी कशाची मिळणार?

हा माणूस कोण, तेही सांगतो. दुसऱ्याची जमीन खंडाने किंवा बटाईने करणारा. सातबारा मालकाच्या नावावर, मालक पुण्यात नाहीतर आपल्यासारखा नोकरीवर. होय, आपल्यापैकी कितीतरी जण असे मालक आहेत! कूळ लागेल या भीतीने आपण त्याला चिठोरेही लिहून देत नाही. आणि बाई. शेतात राबते ती, सातबारा सासऱ्याच्या नावावर. नवरा गेला तर वारसनोंद होईपर्यंत ती कर्जाला अपात्र. आंध्र प्रदेशाने २०११ मध्ये कायदा करून खंडकऱ्याला वर्षभराचे कर्जपात्रता कार्ड द्यायला सुरुवात केली, त्याने मालकीहक्काला धक्का लागत नव्हता. बँकांनी पुढे हात आखडला ही गोष्ट वेगळी, पण वाट दिसली. महाराष्ट्रात निदान तेवढे तरी व्हावे.

गावातील पिठाची गिरणी, वेल्डिंगचे दुकान, शिलाई, पंक्चर यांची अडचण निराळी नाही. २०१५ पासून मुद्रा योजना आहे, तारण लागत नाही, तरी शाखेत गेल्यावर दोन-तीन वर्षांचे विवरणपत्र मागतात. ते नसले, की दारावर वसुलीला येणाऱ्या खाजगी फायनान्स कंपन्या तयारच असतात. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सूक्ष्मकर्जाच्या व्याजावरील मर्यादा काढून टाकली. महिलांच्या बचत गटांचे मात्र कौतुक केले पाहिजे. १९९२ मध्ये नाबार्डने ५०० गट बँकांना जोडून प्रयोग सुरू केला. तेथे कागद कोणता? बायकांनी स्वतः लिहिलेली गटाची वही. ती वही बँकेने मानली.

आता टपालवाल्या बंधूंचा विषय. देशात सुमारे १ लाख ६५ हजार टपाल कार्यालये, दहापैकी नऊ खेड्यांत. १८८२ पासून पोस्टाची बचत बँक खेड्यातला पैसा गोळा करते आणि तो पैसा सरकारच्या तिजोरीत जातो. २०१८ मध्ये पोस्टाची पेमेंट्स बँक निघाली, पण पेमेंट्स बँकेला स्वतः कर्ज देण्याची परवानगीच नाही. कोणाचे बियाणे उगवले, कोणाचा मुलगा पैसे पाठवतो, हे ग्रामीण डाकसेवकाइतके कोणाला ठाऊक? त्याच्या हातून ठेव घ्यायची, अंगठा लावून पैसे काढून द्यायचे आणि कर्जासाठी माणसाला तालुक्याला पाठवायचे! बचत खात्यातील वर्षानुवर्षांच्या नोंदी हा कागद मानून टपाल बँकेला लहान कर्जाची परवानगी मिळावी, ही मागणी टपाल आणि रेल्वे संघटनांनी मिळून करावी, असे आमचे मत आहे. त्याच वेळी डाकसेवकाला खात्याचा पूर्ण नोकर मानले पाहिजे, नाहीतर जोखीम त्याची आणि व्याज दुसऱ्याचे असे होईल.

हे सारे आता तातडीचे झाले आहे. काल एका नोकरीच्या पगारपत्रकावर गावाकडची दोन कुटुंबे निभावत होती. आज त्याच जागेवर ठेकेदाराचा माणूस आहे. त्याला पतपेढीचे सभासदत्व नाही, जामीन कोणी राहत नाही. त्याच्या भावाने विहिरीसाठी कोणाकडे जायचे?

तोवर हाती आहे ते वापरावे. बाजार समित्यांच्या शेतमाल तारण योजनेत गोदामात ठेवलेल्या सोयाबीन-तुरीवर किमतीच्या ७५ टक्के उचल सहा टक्क्यांनी मिळते. दोन-तीन भावांनी माल एकत्र नेला तर गाडीभाडे परवडते. २०२५ पासून शेतीला दोन लाखांपर्यंतच्या कर्जास तारण मागायचे नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तरी मागितले तर नकार लेखी मागून घ्यावा. महाराष्ट्रात सावकाराने कर्जापोटी जमिनीचे खरेदीखत करून घेतले असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असावा. अर्ज मराठीत कसा लिहायचा त्याचा नमुना आम्ही तयार केला आहे. शाखा सचिवांनी जाताना प्रती घेऊन जाव्यात आणि दिवाळीला गावी जाणाऱ्या प्रत्येक सभासदाच्या हाती एक द्यावी.