निवाडा गावाचा, दाद कोणाकडे?

(कळंब, ता. कर्जत येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



मध्य आफ्रिकेबद्दल आपल्याकडे जे छापून येतं ते बहुतेक बंड, सत्तापालट आणि निर्वासितांच्या छावण्या एवढ्यापुरतंच. त्यातून एक समजूत पक्की होते: तिथे टोळ्या आहेत, टोळ्यांची पिढीजात वैरं आहेत, म्हणून तिथे राज्य टिकत नाही. या समजुतीशी मला आज भांडायचं आहे. आणि त्यासाठी अर्धा वेळ मी आपल्या रायगड जिल्ह्यातच राहणार आहे.

रवांडापासून सुरुवात करू. हुतू आणि तुत्सी एकाच डोंगरावर शेजारी राहणारे, एकच भाषा बोलणारे, बहुतेक एकाच धर्माचे लोक. गुरं राखणारे आणि सत्तेजवळचे ते ढोबळमानाने तुत्सी, शेती करणारे ते हुतू. ही रेघ पूर्वीही होती, पण माणूस ती कधीकधी ओलांडू शकत असे. १९३०च्या दशकात बेल्जियमच्या राजवटीने प्रत्येकाच्या ओळखपत्रावर जमात लिहिली आणि रेघेची भिंत झाली. १९९४ साली ७ एप्रिलपासून जुलैच्या मध्यापर्यंत, जेमतेम शंभर दिवसांत, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने सुमारे ८ लाख माणसं मारली गेली. रस्त्यारस्त्यावर नाकी होती आणि नाक्यावर तीच ओळखपत्रं तपासली जात होती. ज्याला आपण हजार वर्षांचं वैर म्हणतो, त्यातलं बरंचसं सरकारी दप्तरात जन्मलेलं होतं.

दप्तरातली रेघ माणसाचं काय करते, हे पाहायला आफ्रिकेत जायला नको. कळंबहून मुरबाडकडे निघा. ठाणे जिल्ह्याची हद्द लागली की त्या तालुक्यातली काही गावं राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत आहेत. घाटावर आंबेगाव आणि जुन्नरमधलीही काही आहेत. तिथल्या आदिवासी पाड्याला १९९६च्या पेसा कायद्याने आणि महाराष्ट्राच्या २०१४च्या नियमांनी स्वतःची वेगळी ग्रामसभा मागता येते. रायगड जिल्हा त्या यादीतच नाही. तोच ठाकूर आदिवासी, तेच देव, तोच डोंगर, सोयरीकही हद्दीपलीकडची; पण अलीकडची वाडी मोठ्या गावाच्या ग्रामसभेत कोपऱ्यात बसते आणि हात वर करायची पाळी येईपर्यंत विषय संपलेला असतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. गावाचा निवाडा गावाने करावा का?

हा प्रयोग रवांडाने ज्या प्रमाणात केला, त्याला जगात तोड नाही. नरसंहारानंतर तिथल्या तुरुंगांत १ लाख २० हजारांच्या आसपास कैदी कोंबलेले होते. न्यायाधीश आणि वकील यांतले कित्येक मारले गेले होते, उरलेले परागंदा झाले होते. आरुशाच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने आरोप ठेवले ते ९३ जणांवर. बाकीच्यांचं काय करायचं? सरकारने जुनी 'गचाचा' पद्धत पुन्हा उभी केली. पूर्वी जमीन, गुरं, घरगुती भांडणं यांवर वडीलधारे उघड्यावर बसून निवाडा करत; तिलाच कायद्याचं रूप दिलं. २००२ साली काही ठिकाणी सुरुवात झाली, २००५ पासून देशभर काम चाललं आणि जून २०१२ मध्ये ही न्यायालयं बंद झाली. सुमारे १२ हजार गावन्यायालयांनी १९ लाखांहून अधिक प्रकरणं निकालात काढली. न्यायाधीश गावाने निवडलेले, बिनपगारी. जुन्या गचाचात बायकांना जागा नव्हती, नव्यात त्या निवाडा करायला बसल्या. गुन्हा कबूल केला तर शिक्षा कमी होई आणि तिचा काही भाग समाजसेवेच्या कामात फेडता येई.

यातून काय मिळालं? माणसाला कुठे मारलं, कुठे पुरलं, हे कित्येक घरांना पहिल्यांदा इथे कळलं. कोणत्याही बड्या न्यायालयाला ते काढून घेता आलं नसतं, कारण माहिती गावातच होती.

आणि काय हरवलं? आरोपीला वकील नव्हता. साक्षीदारांना धमक्या आल्या, काहींचे खून झाले. जमिनीच्या जुन्या भांडणातून खोटे आरोप झाले. नरसंहारानंतर सत्तेवर आलेल्या पक्षाच्या सैनिकांनी केलेल्या हत्या या न्यायालयांच्या कक्षेतच नव्हत्या. अपिलाची सोय होती, पण अपीलही दुसऱ्या गचाचाकडेच. म्हणजे ज्याला गावाची भीती, त्याने दाद मागायची ती पुन्हा गावाकडेच.

ही अडचण कोकणात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे गावकी आहे. गावकीने काय केलं नाही? बांधाचे वाद मिटवले, पाण्याच्या पाळ्या लावल्या, जत्रा आणि पालखी चालवली. पंचाला दोन पिढ्यांपूर्वीची हद्द तोंडपाठ असते. ती शोधायला दिवाणी न्यायालयाला वर्षं लागतात. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम शासनाने २००७ साली काढली ती याच बळावर.

पण त्याच गावकीच्या हातात एक हत्यार आहे, वाळीत टाकण्याचं. गावकीचा दंड भरला नाही, निवडणुकीत सांगितलेल्या माणसाला मत दिलं नाही, जातीबाहेर लग्न केलं, की दुकानदार माल देत नाही, गिरणीत दळण घेत नाहीत, लग्नाचं बोलावणं थांबतं, मयताला खांदा द्यायला कोणी येत नाही. रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारी पोलीस ठाण्यांत आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेल्या. मुंबई प्रांताने १९४९ साली बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो १९६२ मध्ये रद्द ठरवला. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ बहिष्कृताच्या हाती स्वतंत्र कायदा नव्हता. महाराष्ट्र विधिमंडळाने नवा कायदा केला २०१६ मध्ये, राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर तो लागू झाला २०१७ मध्ये. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कायदा चांगला आहे. पण बहिष्काराची ताकद पंचांच्या आवाजात नसते. दळण, पाणी, सरपण, सोयरीक, स्मशान, सगळ्या वाटा त्याच चार घरांवरून जातात, यात ती असते. तालुक्याला जाऊन फिर्याद देणारा संध्याकाळी त्याच आळीत परत येतो.

मग गावची पद्धत मोडून सगळं सरकारकडे सोपवावं का? सरकारच नाहीसं झालं की काय होतं, हे मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात दिसतं. मार्च २०१३ मध्ये सेलेका नावाच्या बंडखोर आघाडीने राजधानी बांगी घेतली. तिच्यात मुसलमानांचा भरणा होता. त्याविरुद्ध अँटी-बलाका टोळ्या उठल्या आणि त्यांनी सेलेकाशी संबंध नसलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांना, गुराख्यांना मारलं, हाकललं. देशावरून मेंढ्या घेऊन कोकणात उतरणारा धनगर आणि त्या शेतात बसवून घेणारा शेतकरी यांच्यात जसा ठराव असतो, तसे तिथे म्बोरोरो गुराखी आणि शेतकरी यांच्यात वाटांचे, हंगामांचे ठराव होते. ते कोलमडले. अशा वेळी बांगीचे आर्चबिशप न्झापालाइंगा, इमाम ओमर कोबिन लायामा आणि पास्टर गेरेकोयामे यांनी हातात हात घालून दौरे केले. इमामांना आर्चबिशपच्या घरात आसरा मिळाला. धर्माने माणसं वाचवली. पण बंदुका खाली ठेवायला लावणं तिघांच्या हाती नव्हतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये १४ सशस्त्र गटांशी करार झाला, त्यातल्या काही म्होरक्यांना सरकारी पदं मिळाली आणि २०२० अखेर काही गट पुन्हा उठले. काही खटले चालले ते देशी आणि परदेशी न्यायाधीश एकत्र बसलेल्या विशेष न्यायालयात, बांगीतच. त्याचा पहिला निकाल ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. उशीर झाला, पण न्याय पीडितांच्या देशात बसला आणि न्यायाधीश कोणत्याही टोळीचे देणेकरी नव्हते.

मला सांगायचं आहे ते एवढंच: न्याय गावाजवळ हवा, पण गावाच्या मुठीत नको. संस्कृती चांगली की वाईट, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तपासायचं ते हे, की त्या बैठकीतल्या सगळ्यात दुबळ्या माणसाला 'मला हे मान्य नाही' म्हणून उठून जाता येतं का, आणि उठल्यावर त्याची चूल पेटते का.

आपल्या भागात हा सगळ्यात दुबळा माणूस कोण, हे मी सांगायला नको. कातकरी. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना विशेष दुर्बळ आदिम गट मानलं आहे, त्यांत कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकरी आहेत. अनेक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर उभ्या आहेत. जमिनीचा भाव वाढला, फार्महाऊसचं कुंपण आलं, की आधी वाट बंद होते, मग वाडी उठते. पाठीशी सातबारा नसलेला माणूस ग्रामसभेत कोणत्या बळावर बोलेल? कांगोच्या पूर्व भागात काहुझी-बिएगा राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा बात्वा लोक असेच जंगलातून काढले गेले. आफ्रिकी मानवाधिकार आयोगाचा त्यांच्या बाजूचा निर्णय जाहीर झाला २०२४ मध्ये, हुसकावणीनंतर सुमारे पन्नास वर्षांनी. आपल्याला एवढं थांबायची गरज नाही. वनहक्क कायदा २००६ पासून आहे. दळी जमिनी, म्हणजे जंगलातल्या उतारावरच्या जमिनी, कसणाऱ्यांचे दावे त्याखाली करता येतात, आणि वाडीच्या जागेसाठी गावठाण विस्ताराची तरतूद महसूल कायद्यात आहे. शेजारच्या कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने कातकरी वाड्यांच्या जागेच्या प्रश्नावर वाड्यांबरोबर बसून काम केलं आहे. वाट माहीत नाही, अशी सबब आपल्याला उरलेली नाही.

म्हणून शेवटी तीन मागण्या, भाषणापुरत्या नव्हेत. १ मेची ग्रामसभा जवळ आली आहे. तिथे ठराव मांडा. एक, गावकीचा किंवा तंटामुक्त समितीचा प्रत्येक निवाडा लिहिला जावा, दोन्ही बाजूंना त्याची प्रत मिळावी आणि दाद कुठे मागायची ते त्यावर लिहिलेलं असावं. दोन, कोणालाही माल, पाणी, दळण नाकारलं जाणार नाही, असं ग्रामसभेने नोंदवावं. नाकारलं तर तक्रार त्या एकट्याने नव्हे, ग्रामपंचायतीने करावी. तीन, ज्या वाड्यांच्या जागेचा कागद नाही त्यांची यादी त्याच दिवशी इतिवृत्तात यावी, आणि ती वाचून दाखवायला त्या वाडीतलीच एखादी बाई उभी राहावी. पंचमंडळींनी तोवर बसून ऐकावं.

 आता प्रश्न विचारा, आणि सुरुवात मागच्या रांगेपासून होऊ द्या.