चोरीची गाडी, दुसऱ्याचे नुकसान आणि मालकाचा सातबारा

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



तुमचा बैल दावे तोडून शेजाऱ्याच्या पऱ्हाटीत शिरला तर कुरकुर करत का होईना, भरपाई तुम्ही देता. पण चोराने बैल सोडून नेला आणि वाटेत तो कोणाच्या ज्वारीत घुसला, तर? गावचे पंच म्हणतील, चोराला धरा. गाडीच्या बाबतीत कायदा तेवढ्यावर थांबत नाही. चोराच्या खिशात काही नसते आणि ज्याचा पाय मोडला त्याला दवाखान्याचे पैसे लागतातच.

म्हणून १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात, कलम १४६ प्रमाणे, रस्त्यावर येणाऱ्या गाडीला तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा आहे. आपण त्याला थर्ड पार्टी म्हणतो. जीप असो, मोटारसायकल असो, आपला ट्रॅक्टर असो. बँकेच्या कर्जाबरोबर पहिल्या वर्षी तो निघतो. पुढच्या वर्षी कितीजणांनी भरला, हात वर करा म्हटले तर या सभेत शांतता होईल.

चोराने गाडी ठोकली, माणूस मेला, की कंपनी म्हणते : चालवणाऱ्याकडे लायसन्स नव्हते, अट मोडली. पण अट कोणी मोडली? १९८७ साली स्कँडिया कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न होता. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून खाली उतरला, क्लीनरने ट्रक हाकला आणि माणूस गेला. ही चोरी नव्हे, पण तत्त्व तेच. न्यायालय म्हणाले, मालकाने आपणहून अट मोडलेली नाही, कंपनीने पैसे द्यावेत. २००४ साली तीन न्यायाधीशांनी मालकाचा कसूर सिद्ध करण्याचा भारही कंपनीवरच टाकला.

मग मालक मोकळा? तसे समजू नका. १९८९ साली एक ट्रॅक्टरमालक याच स्कँडियाच्या निकालाचा आधार घेऊन गेला आणि हरला. ट्रॅक्टर लायसन्सवाल्याच्या हाती दिला होता, याचा पुरावाच त्याने दिला नव्हता. दुसऱ्या एका प्रकरणात नात्यातल्या अल्पवयीन पोराने घरातली किल्ली घेऊन, न विचारता मोटारसायकल बाहेर काढली. अपघातात माणूस गेला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, गाडी पोराच्या हाती जाऊ नये हे पाहणे मालकाचे काम. कंपनीने आधी भरावे, मग मालकाकडून वसूल करावे.

ही वसुली कशी होते ते नीट ऐका. जिल्हाधिकाऱ्याकडे दाखला जातो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. मग तलाठी येतो तो पीक पाहणीला नव्हे. विमाच नसेल तर मधे कंपनीही नाही, दावा थेट मालकावर. खळ्यावर ट्रॅक्टर उभा आणि किल्ली तशीच लटकलेली, हे मी गावोगाव पाहतो.

उलट बाजूही बघा. चोरीच्या जीपने तुमच्या बैलगाडीला उडवले आणि चोर पळाला, तरी जीपचा नंबर टिपा. नंबरावरून मालक आणि कंपनी सापडते. बैल मेला तरी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागता येते. गाडीचा पत्ताच लागला नाही तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या सरकारी योजनेत मृत्यूला २ लाख, गंभीर जखमेला ५० हजार. बैलाला त्यात काही नाही.

गाडी चोरीला गेल्याचे कळले की त्याच दिवशी पोलीस ठाण्यात फिर्याद द्या. अपघाताच्या वेळी गाडी तुमच्या ताब्यात नव्हती, याचा मोठा पुरावा तोच. कंपनीलाही लेखी कळवा. पंजाबातल्या एकाचा ट्रॅक्टर २०१० साली चोरीला गेला. फिर्याद त्याच दिवशी झाली, कंपनीला कळवले ५२ दिवसांनी. कंपनीने दावा फेटाळला. फिर्याद वेळेवर असेल तर नुसत्या उशिरापायी दावा नाकारता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. पण त्याच्या पॉलिसीत चोरीचा विमा होता. नुसती थर्ड पार्टी असेल तर गेलेल्या ट्रॅक्टरचा एक नटसुद्धा भरून मिळत नाही.