परदेशातली जुनी गाडी दारात आणताना



आम्ही दोघी जावा आज तुमच्याशी गाडीबद्दल बोलणार आहोत. गाडीचा विषय निघाला की घरातले पुरुष बोलतात आणि आपण चहा टाकायला आत जातो. आमच्याकडेही तसंच होतं. पण मागे एका गाडीच्या कागदांवर सही करायची वेळ आमच्यातल्या धाकटीवर आली, तेव्हा चहा राहिला बाजूला आणि आम्ही दोघी कागद वाचायला बसलो. त्यातून जे कळलं ते तुम्हाला सांगावं, म्हणून आज आलो आहोत.

सुरुवात झाली ती इंग्लंडहून आलेल्या फोनने. थोरलीचा मुलगा आठ वर्षं लेस्टरला होता. बायको-मुलीसह कायमचा नाशिकला परत यायचं त्याने ठरवलं. फोनवर म्हणाला, "आई, माझी गाडीपण घेऊन येऊ का?" गाडी नऊ वर्षांची. तिथे घेतलेली पहिली वस्तू. त्याची लेक जन्मली तेव्हा दवाखान्यातून तिला याच गाडीतून घरी आणलं होतं. तिथेही आपल्यासारखंच स्टिअरिंग उजवीकडे, मग अडचण कसली? आम्ही सगळे म्हणालो, आण की. गाडी तर आपलीच आहे, बोटीचं भाडं तेवढं भरायचं!

मग बंदरावरून माल सोडवण्याचं काम करणाऱ्या ओळखीच्या एका गृहस्थांना विचारलं. त्यांनी एकच प्रश्न केला, "गाडी बनली कधी?" आम्ही वर्ष सांगितलं. ते म्हणाले, "मग राहू द्या. ती येणार नाही."

नियम असा आहे. परदेशात वापरलेली गाडी आपल्याला इथे आणायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांहून जुनी असता कामा नये. विकत घेतल्यापासून नव्हे, बनल्यापासून. शिवाय स्टिअरिंग उजवीकडे हवं. वेगाचा काटा किलोमीटरमध्ये हवा, आणि इंग्लंडमधल्या गाड्यांचा काटा मैलांत असतो. दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला जुळणारा हवा. गाडी पुढची किमान पाच वर्षं रस्त्यावर चालण्याजोगी आहे असा दाखलाही लागतो. दुबई-मस्कतला राहणाऱ्या आपल्या मुलांची गाडी तर स्टिअरिंगपाशीच अडते, कारण तिकडे ते डावीकडे असतं. आणि एवढं सगळं जमलं तरी वापरलेली गाडी उतरते ती फक्त मुंबई बंदरात. आपली द्राक्षं न्हावा शेवाहून युरोपला जातात, पण जुन्या गाडीला तो दरवाजा नाही.

आता समजा, गाडी तीन वर्षांच्या आतली आहे. मग पैशाचा हिशेब येतो. आमची समजूत अशी होती की वापरलेली गाडी, म्हणजे शुल्क थोडं बसेल. कस्टमवाले तुम्ही ती कितीला घेतलीत एवढंच बघत नाहीत. गाडी बनली तेव्हाची तिची नवी किंमत धरतात आणि त्यातून घसारा वजा करतात. पहिल्या वर्षी दर तिमाहीला 4 टक्के, दुसऱ्या वर्षी 3 टक्के, तिसऱ्या वर्षी अडीच टक्के. वहीत मांडून बघा. पहिल्या वर्षाचे 16, दुसऱ्याचे 12, तिसऱ्याचे 10, मिळून 38 टक्के. म्हणजे 20 लाखांची गाडी तीन वर्षांनंतरही 12 लाख 40 हजारांची धरली जाणार. त्यात बोटीचं भाडं आणि विमा मिळवायचा.

आणि त्यावर शुल्क. जुन्या गाडीवर मूळ सीमाशुल्कच 125 टक्के होतं, वर अधिभार धरून साडेसदतीस टक्के जादा शंभरावर, म्हणजे 137.5 टक्के. 2025 च्या अर्थसंकल्पात त्याची मांडणी बदलली. मूळ शुल्क कमी झालं, वेगळा अधिभार आला, पण एकूण बोजा जवळपास तेवढाच राहिला. भाडं आणि विमा सोडून दिला तरी 12 लाख 40 हजारांवर 17 लाखांच्या वर शुल्क. बेरीज साडेएकोणतीस लाखांच्या आसपास. या बेरजेवर पुन्हा जीएसटी. म्हणजे वापरलेली गाडी नव्या गाडीच्या दीडपटीहून महाग! आणि तो प्रकार आपल्याकडे विकला जात नसेल, तर उद्या काच फुटली की ती कुठून आणायची हा प्रश्न वेगळाच.

अनेकींना वाटतं की माणूस कायमचा परत येत असेल तर त्याच्या सामानात गाडीही माफ होते. आम्हालाही तसंच वाटत होतं. बऱ्याच वर्षांनी परतणाऱ्याला घरगुती सामानावर सवलत असते हे खरं आहे. पण सीमाशुल्क कायद्यात सामानाची व्याख्या करताना मोटार वाहन त्यातून स्पष्टपणे वगळलेलं आहे. फ्रिज सामान आहे, शिवणयंत्र सामान आहे, गाडी सामान नाही.

बक्षीस मिळालेली गाडी तरी सुटते का? सचिन तेंडुलकरची फेरारी आठवा. 2002 मध्ये त्याने ब्रॅडमन यांच्या 29 शतकांची बरोबरी केली म्हणून ती त्याला भेट मिळाली. सरकारने तिच्यावरचं शुल्क माफ केलं तेव्हा देशभर ओरड झाली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि शेवटी 1 कोटी 13 लाखांच्या घरातली ती रक्कम भेट देणाऱ्या कंपनीने भरली. सचिनची ही कथा, तर आपलं काय घेऊन बसलात!

नियम इतका कडक का, याचाही आम्ही विचार केला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने 2020 मध्ये एक अहवाल काढला होता. 2015 ते 2018 या चार वर्षांत जपान, युरोप आणि अमेरिकेतून वापरलेल्या 1 कोटी 40 लाख हलक्या गाड्या बाहेर गेल्या, आणि त्यातल्या दहातल्या सात गरीब किंवा विकसनशील देशांत गेल्या. केनियात आठ वर्षांपर्यंतची जुनी गाडी आणता येते, म्हणून नैरोबीच्या रस्त्यांवर जपानमध्ये वापरून झालेल्या गाड्या भरपूर दिसतात. तिथल्या लोकांना गाडी स्वस्त मिळते, पण दुसऱ्यांचा धूरही त्यांच्याच वाट्याला येतो. आपल्याकडे गाड्या बनवणारे कारखाने आहेत. आपल्या सातपूर-अंबडमधली कितीतरी घरं त्या कामावर चालतात. तेव्हा दरवाजा बंद ठेवण्यामागे कारण आहे, हे आम्हाला पटलं. थोरलीला जरा उशिरा पटलं.

गाडी थोड्या दिवसांसाठी आणायची असेल तर मात्र वाट आहे. 2024 मध्ये ठाण्याचा एक मुलगा लंडनहून स्वतःची गाडी चालवत आईला भेटायला आला. 59 दिवस लागले, वाटेत 16 देश. अशा प्रवासासाठी कार्नेट नावाचा परवाना काढतात. त्यावर शुल्क भरावं लागत नाही, पण गाडी ठरलेल्या मुदतीत देशाबाहेर न्यावी लागते. तो स्वतः विमानाने परत गेला, गाडी बोटीने गेली. म्हणजे गाडी पाहुणी म्हणून येऊ शकते, माहेरी राहायला नाही.

दुसरी वाट अगदी जुन्या गाड्यांची. पूर्वी 1950 च्या आधी बनलेल्या गाड्यांनाच परवान्याशिवाय आणायची मुभा होती. 2025 मध्ये सरकारने ती 50 वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना दिली. शुल्क आहेच. थोडक्यात, गाडी तीन वर्षांच्या आतली हवी नाहीतर पन्नाशी ओलांडलेली. आमची नऊ वर्षांची, दोन्हींत बसेना.

या पन्नाशीच्या गाड्यांचा एक उपयोगी नियम जाता जाता सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणाच्या वाड्यात सासऱ्यांची जुनी स्कूटर किंवा मोटार झाकून ठेवलेली असेल. 2021 पासून अशा दुचाकी-चारचाकींची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला 20 हजार रुपये लागतात, ती 10 वर्षं चालते, आणि पुढच्या नूतनीकरणाला 5 हजार. पण गाडी मूळ रूपात असायला हवी, आणि ती रोज भाजी आणायला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची.

आता आमच्या चुकीकडे येतो. लेस्टरची गाडी येणार नाही म्हटल्यावर घरात सगळे हिरमुसले होते. तेवढ्यात एका नातलगाने दलाल आणला. म्हणे, परदेशातून आलेलीच मोठी गाडी आहे, परराज्याचा नंबर आहे, बाजारापेक्षा निम्म्या किमतीत मिळेल. गाडी धाकटीच्या नावावर घ्यायची ठरली, कारण बँकेतली ठेव तिच्या नावावर होती. तिच्या माहेरच्या जमिनीचे ते पैसे. आणि तिला न विचारता 40 हजार रुपये आगाऊ देऊनही झाले होते, रोख.

सहीच्या आदल्या रात्री आम्ही दोघींनी त्या माल सोडवणाऱ्या गृहस्थांना पुन्हा फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, बिल ऑफ एंट्री मागा." गाडी देशात आली तेव्हा कस्टममध्ये दाखल केलेला हा कागद असतो. काय आलं, केव्हा आलं, शुल्क किती बसलं, हे त्यावरून कळतं. दुसऱ्या दिवशी धाकटीने तो मागितला. दलाल म्हणाला, "ताई, आरसी बुक आहे ना, मग हे कशाला?" तिने चेसिस नंबरचा फोटो मागितला, तर उद्या देतो म्हणाला. तो उद्या आलाच नाही. 40 हजार गेले. पावती नव्हती, त्यामुळे तक्रारीला जोर नव्हता. घरात दोन महिने धुसफूस चालली, "तुम्ही बायकांनी सौदा मोडला" असंही ऐकावं लागलं.

मग सप्टेंबर 2025 मध्ये केरळमधली बातमी आली. भूतानमधून वापरलेल्या गाड्या, त्यांत तिथल्या सैन्याने लिलावात काढलेल्याही, चोरट्या मार्गाने आणून खोट्या कागदांवर दुसऱ्या राज्यांत नोंदवल्या आणि विकल्या गेल्या, असं कस्टम खात्याचं म्हणणं. कारवाईचं नाव होतं नुमखोर. भूतानच्या भाषेत त्याचा अर्थच गाडी. पहिल्याच दिवशी तीसहून अधिक गाड्या ताब्यात घेतल्या, त्याही नामांकित लोकांच्या दारातून. त्या गाड्यांना आरसी बुक होतंच. ती बातमी आम्ही जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवली. त्यानंतर सौद्याचा विषय कुणी काढला नाही.

म्हणून मैत्रिणींनो, परदेशी गाडी तुमच्या नावावर होत असेल तर चार गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, बिल ऑफ एंट्री आणि शुल्क भरल्याची पावती बघितल्याशिवाय पैसे नाहीत. आरसी बुकावरून गाडी नोंदवलेली आहे एवढंच कळतं, शुल्क भरलंय की नाही ते कळत नाही. दुसरी, चेसिस नंबर गाडीवर, आरसी बुकात आणि कस्टमच्या कागदावर एकच आहे ना, हे आपल्या डोळ्यांनी ताडून बघा. तिसरी, परराज्यातली गाडी असेल तर तिथलं ना हरकत पत्र घ्या, आणि पेठ रोडच्या आपल्या आरटीओत जाऊन विचारा. गाडीला एमएच 15 नंबर मिळेल का, हे दलालाच्या तोंडून ऐकू नका. चौथी, आगाऊ रक्कम बँकेतूनच द्या. शुल्क चुकवून आलेली गाडी जिथे सापडेल तिथून जप्त होऊ शकते, आणि मला माहीत नव्हतं असं म्हटल्याने ती परत दारात येत नाही. ज्याच्या नावावर गाडी, त्याच्या दारात नोटीस.

लेस्टरची गाडी तिथेच विकली गेली. विकताना थोरलीच्या मुलाने तिच्यातली लेकीची बसायची छोटी खुर्ची काढून घेतली. ती मात्र सामानात बसली, कायद्याच्याही आणि पेटीच्याही. आता ती आमच्या इथल्या गाडीत मागच्या सीटवर आहे. गाडी नाशिकचीच, सेकंडहँड, घरातल्या दोघींनी कागद वाचून घेतलेली.