ट्रम्पेटला दम लागतो, पण कुठला?



मागच्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत कर्जाची वेगळीच मागणी आली. शेळी नाही, शिलाई मशीन नाही. मुलीसाठी जुना ट्रम्पेट, सहा हजार रुपये. तिचे वडील लग्नाच्या बँडमध्ये वाजवतात. दोघी-तिघी लगेच म्हणाल्या, "हे बायकांच्या दमाचं काम नव्हे." म्हणून मी त्यांच्या घरी जाऊन वाद्य हातात घेऊन बघितलं. तेच आज सांगते.

ट्रम्पेट दिसतो हातभर, पण त्याची वेटोळी सरळ केली तर नळी जवळजवळ दीड मीटर भरते. एका टोकाला तोंडाला लावायची छोटी वाटी, दुसऱ्या टोकाला कर्णा, मध्ये तीन बटणं.

आता आपली चुलीची फुंकणी आठवा. तीही नळीच, पण वाजत नाही, कारण तिच्यात आपण नुसती हवा सोडतो. इथं ओठ मिटून, कोपरे घट्ट धरून हवा बाहेर ढकलायची, म्हणजे ओठ थरथरतात. लहान मूल गाडी-गाडी खेळताना 'भुर्र' करतं ना, तसंच, फक्त ओठ जास्त आवळून. त्या थरथरीचा नळीत सूर होतो. ओठ आवळले की सूर चढतो, सैल सोडले की उतरतो. आपली तुतारी एवढ्यावरच चालते, म्हणून तिच्यात सूर मोजके. ट्रम्पेटचं बटण दाबलं की हवा जादा नळीतून फिरून जाते आणि सूर खाली येतो. मधल्या बटणानं अर्धा स्वर, पहिल्यानं एक, तिसऱ्यानं दीड. ही युक्ती जर्मनीत १८१८ च्या सुमारास निघाली. कर्णे त्याआधीचे, फार जुने. इजिप्तच्या तुतानखामून राजाच्या थडग्यातले तीन हजार वर्षांपूर्वीचे दोन कर्णे १९३९ साली बीबीसी रेडिओवर वाजवून ऐकवले होते. रेडिओवर बोलतेय, म्हणून आठवलं.

दम लागतो, खोटं कशाला सांगू? पण श्वास पोटापासून घ्यायचा, गाल फुगवायचे नाहीत. वाटी ओठांवर दाबली तर ओठ दुखतात. शिकताना छातीआधी ओठच थकतात, म्हणून दहा-पंधरा मिनिटं वाजवून थांबायचं. नळीत पाणी साचतं. लोक थुंकी म्हणून नाक मुरडतात, पण ते बहुतेक श्वासाच्या वाफेचंच पाणी, भाताच्या झाकणाला धरतं तसं. खालची छोटी झडप उघडून ते काढून टाकायचं.

बैठकीत मुलीनं वडिलांचा ट्रम्पेट वाजवून दाखवला. पहिल्यांदा नुसती फुसकी हवा. आम्ही हसलो, तीही हसली. तिसऱ्या वेळी असा सूर लागला, की समाजमंदिराबाहेरची कुत्री भुंकायला लागली.

कर्ज मंजूर झालं. एक काकू मात्र अजून नाराज आहेत. त्या म्हणतात, "रात्री बारा वाजता वरातीतून पोरीला घरी आणणार कोण?" हा प्रश्न खरा आहे, दमाचा नव्हता. वडिलांनी सध्या फक्त दिवसाच्या लग्नांना नेण्याचं कबूल केलंय. सुपाऱ्या सुरू होतात तुळशीच्या लग्नानंतर, म्हणून पहिला हप्ताही तेव्हाच ठरलाय.